भांग न चाखणारं घर

“घराण्यात कुणी कधी भांग घेतलेली आठवते का? आणि घेतल्यावर कुणाला काही वेगळा त्रास झालेला?”

नेर्लेकर मॅडमनी असं विचारलं, तसे आमचे सोमनाथभावजी खुर्चीत ताठ झाले.

“काय विचारताय मॅडम! आम्ही सोमलिंगाचे गुरव. शिवरात्रीला अख्ख्या गावाची ठंडाई आमच्या हातनं होते. भांग आम्ही वाटायची, आम्ही गाळायची, आम्ही वाढायची. पण स्वतःच्या तोंडात थेंब नाही. पिढ्यान् पिढ्यांचा नेम आहे. वाटताना तोंडाला फडकं बांधतो आम्ही.”

“म्हणजे कुणालाच कधी त्रास नाही.”

“घेतलीच नाही तर त्रास कुठनं होणार?”

मॅडम हसल्या, मीही हसले. भावजींचं असंच आहे, देवळाचा विषय निघाला की छाती पुढं. मॅडमनी आपल्या कागदावर लिहिलं, घराण्यात काही नाही. त्यात त्यांची काही चूक नव्हती. आम्ही जे सांगितलं तेच त्यांनी लिहिलं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तेव्हा मी देवळाच्या दारात बेल-फुलांचं दुकान लावायची आणि मालक आत पूजा करायचे. मालक म्हणजे आमचे काशिनाथ गुरव. धडधाकट माणूस. नदीवरनं दोन घागरी खांद्यावर घेऊन घाट चढायचे आणि वर माझ्या दुकानासमोर उभे राहून विचारायचे, “काय शालनबाई, आज गिऱ्हाईक आहे का नुसत्याच माश्या मारताय?” त्याच माणसाच्या कमरेच्या हाडाला कॅन्सर धरला. मिरजेला ऑपरेशन झालं, किरणांचे लाईट दिले, सगळं झालं. आजार काही हटला नाही आणि दुखणं तर असं वाढलं, की कूस बदलायची म्हटली तरी त्यांनी दात आवळून धरायचे आणि मी तोंड फिरवून उभी राहायची. मॉर्फिनच्या गोळ्यांनी जरा बरं वाटायचं, पण मग पोटात अन्नाचा कण ठरत नसे. उलट्या काढून काढून माणूस चिपाड झाला.

एकदा मला म्हणाले, “शालन, मरायला माझी ना नाही. पण हे असं रोज थोडं थोडं नको गं.”

मला रडू आवरेना. मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं आणि म्हटलं, जीव वाचवा असं मी म्हणत नाही, नुसतं दुखणं थांबवा. त्यांनीच आम्हाला नेर्लेकर मॅडमकडं पाठवलं. मॅडम आयुर्वेदाच्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण मोठ्या डॉक्टरांशी बोलून मगच औषध देणाऱ्या. त्यांनी विजयाचे थेंब लिहून दिले. विजया म्हणजे भांगच, पण कारखान्यात तयार झालेली, मापातली आणि चिठ्ठीशिवाय न मिळणारी. रोज जिभेखाली थोडे थेंब घ्यायचे, सोसले तर हळूहळू वाढवायचे.

घरी येताना भावजी म्हणाले, “वहिनी, आत्याला भांग म्हणू नका हं. आयुर्वेदिक औषध आहे म्हणा. नेम मोडला म्हणून डोकं धरून बसेल.”

आत्या म्हणजे मालकांची सख्खी आत्या, अनसूया. आमच्या सासऱ्यांची धाकटी बहीण. यजमान गेलेले, मुलंबाळं संसाराला लागलेली. भाचा आजारी पडला तशी सामान घेऊन आली आणि राहिली. वय झालेलं, पण मालकांना मांडीवर डोकं घेऊन पेज भरवायची ती तीच. मी म्हटलं, खरंच आहे, म्हातारीच्या जिवाला उगीच घोर कशाला. मी तिला सांगितलं, थंड औषध आहे, विजया नावाचं. तिनं बरं म्हटलं आणि बाटलीला हात लावून नमस्कार केला.

पहिले दोन दिवस काय सांगू तुम्हाला! मालक झोपले. अगदी घोरत झोपले. उठून आमटी-भात मागितला आणि तो पोटात ठरला. आत्या म्हणाली, देव पावला. मीही देवळात जाऊन एक माळ जास्त वाहिली. मग मॅडमनी सांगितल्याप्रमाणे थेंब थोडे वाढवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताट घेऊन आत गेले तर मालक माझ्याकडं बघत होते.

“बाई, तुम्ही कोणाकडं आलाय?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतायत. बरं वाटायला लागलं की पहिली थट्टाच सुचायची त्यांना. मी म्हटलं, “काशिनाथरावांकडं आलेय, जेवण घेऊन.”

“त्यांना बाहेर काढलंय,” ते म्हणाले. “आता इथं दुसरा निजतोय.”

आणि मग ते भिंतीकडं बघायला लागले. भिंत जवळ येतेय म्हणाले. छातीवर कुणीतरी बसलंय म्हणाले. ज्या माणसाला कूस बदलता येत नव्हती, तो उठून दाराकडं धावला आणि उंबऱ्यात कोसळला. मी ताट टाकून धरायला गेले तर माझ्या हाताला चावले. पाचवी-सहावीत असल्यापासून ज्याला दूरचा नातलग म्हणून ओळखत होते आणि ज्याच्याशी एवढी वर्षं संसार केला, त्या माणसाच्या डोळ्यांत मी भूत होते.

भावजींनी आणि शेजारच्या दोघांनी त्यांना उचलून पलंगावर घातलं. परत पळतील, हाड मोडून घेतील म्हणून हात उपरण्यानं पलंगाला बांधले. गल्लीतले डॉक्टर आले, नाडी बघितली, प्रेशर बघितलं. मी त्यांना बाटली दाखवली. ते म्हणाले, “औषधाचा अंमल आहे. बंद करा लगेच. उद्या सकाळपर्यंत उतरेल. नाहीच उतरलं तर मग मनाच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल.” मॅडमनीही फोनवर तेच सांगितलं, वर म्हणाल्या बांधू नका, कुणीतरी जवळ बसा. बसलो की आम्ही, हात सोडायचा मात्र धीर झाला नाही. पण सकाळ झाली आणि उतरलं काही नाही. उलट जास्तच. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागला.

आता त्या रविवारी भावजींच्या लेकीला, ऋतुजाला, बघायला सांगलीची माणसं येणार होती. मुलगा इंजिनियर, एकुलता एक. भावजी सकाळी बाहेर जाऊन आले आणि मला परसात बोलावून म्हणाले, “वहिनी, मी गाडी सांगितलीय. दादाला लांबच्या इस्पितळात नेऊ या. मनाच्या आजाराचं आहे, चांगलं आहे म्हणतात.”

“इथला दवाखाना काय वाईट आहे?”

“इथं निम्मं गाव कामाला आहे. एका तासात बोभाटा होईल. काशिनाथ गुरव वेडा झाला म्हणून.”

“आजारी माणूस आहे तो. वेडा नाही.”

“डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत उतरेल. उतरलं का? सांगा तुम्हीच.” मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, “रविवार तेवढा जाऊ दे. मग घेऊन येऊ.”

मला राग आला नाही असं नाही. पण उतरलं नव्हतं हे खरंच होतं. मी कपड्यांची पिशवी भरायला घेतली. दोन धोतरं, टॉवेल, त्यांच्या गुडघ्याला लावायच्या तेलाचा डबा. डबा सांडू नये म्हणून टॉवेलात गुंडाळला.

भावजींनी ड्रायव्हरला आत बोलावलं आणि दोघं मालकांना उचलायला वाकले, तेवढ्यात आत्या दारात आडवी उभी राहिली.

“काय औषध दिलं होतं त्याला?” तिनं विचारलं.

“सांगितलं ना आत्या, आयुर्वेदिक,” भावजी म्हणाले.

“शालन, तू सांग.”

मी म्हटलं, “भांगेचं होतं, आत्या. मापातलं.”

आत्या खाली बसली. उंबऱ्यावरच बसली, पाय पोटाशी घेऊन. मला वाटलं, नेम मोडला म्हणून आता रडारड करणार. पण तिनं नेमाचं नावसुद्धा काढलं नाही.

“याला कुठं न्यायचं नाही,” ती म्हणाली. “उद्या उतरेल.”

“डॉक्टर म्हणतात आजच उतरायला पाहिजे होतं.”

“डॉक्टरला काय माहीत? या घरातल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उतरत नाही. तिसऱ्या दिवशी उतरतं. सोड त्याचे हात.”

“आत्या, तुला काय माहीत?”

“सोड म्हणते ना.”

आमच्या घरात आत्यानं कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. भावजींनीही नसावा ऐकला. ड्रायव्हर आपला एकदा भावजींकडं, एकदा आत्याकडं बघत उभा. शेवटी मीच पुढं होऊन उपरण्याची गाठ सोडली आणि भावजींना म्हटलं, गाडीवाल्याला परत पाठवा, एक दिवस मी बघते. आत्या पलंगावर चढून बसली, मालकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या शिव्या खात, ओरबाडून घेत रात्रभर बसून राहिली.

सकाळी मी चूल पेटवत होते. आतनं आवाज आला.

“शालन, चहा टाकतेस का नाही? आणि आत्याला कुणी ओरबाडलंय एवढं?”

मी धावत आत गेले. माझा माणूस माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत मी होते. मी पदर तोंडावर धरून हमसून रडले. मालक बावचळून गेले. आत्या उठून मोरीत गेली आणि किती तरी वेळ तोंड धूत राहिली.

मग तिला मी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी उतरतं हे तुला कसं माहीत, असं विचारलं. पहिल्यांदा ऐकलंय म्हणाली. मग हळूहळू एवढं सांगितलं, की तिला केदार नावाचा भाऊ होता, सासऱ्यांच्या पाठचा आणि हिच्या आधीचा. शिवरात्रीला दोस्तांच्या नादानं त्यानं पेलाभर भांग घेतली आणि त्याला असंच झालं. त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवला आणि तिथंच तो गेला. दुसऱ्या वर्षी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, देवासमोर नेम केला. पिढ्यान् पिढ्यांचा म्हणतात तो नेम एवढ्याच वयाचा. भावजी ऐकत होते, ते पांढरेफटक पडले. सासरे असताना केदार हे नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

थेंब बंद झाले आणि दुखणं दामदुपटीनं परत आलं. दोन दिवसांचं सुख बघितलेला माणूस, त्याला आता जास्तच सोसेना. मालक स्वतःच म्हणाले, “त्या मॅडमना विचार. थोडं कमी करून देतील का? चावलो तर चावलो, तू जरा लांब उभी राहा.” मी गेले मॅडमकडं आणि आत्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“हे आधी का नाही सांगितलं, शालनताई?”

“आम्हालाच माहीत नव्हतं.”

“बघा, तुम्हाला नीट सांगते,” त्या म्हणाल्या. “औषध सगळ्यांना सारखंच देतो आपण, पण प्रत्येकाचं शरीर ते सारखं जाळत नाही. ते काम यकृताचं. ते कुणाचं वेगानं होणार, कुणाचं सावकाश, हे आईबापाकडनं जन्मतःच येतं. मोरीचं भोक लहान असेल तर पाणी तुंबतं ना? बादली तेवढीच ओतलीत तरी तुंबतं. काशिनाथरावांचं तसं असेल, तर रोजचं औषध पूर्ण जायच्या आत दुसरं पडत होतं. तेवढंच असेल तर सोपं आहे. फार थोडं, एक दिवसाआड दिलं की झालं.”

“मग द्या की.”

“थांबा. दुसरी एक शक्यता आहे. काही घराण्यांत मनच नाजूक असतं. अशा माणसाला भांग लागली की एक कवाड उघडतं आणि ते परत लागतच नाही. तेही रक्तातनंच येतं. यकृताची तपासणी मोठ्या शहरात होते, पाठवता येईल, वेळ लागेल. पण मनाचं सांगणारी खात्रीची तपासणी कुठंच नाही. तिथं आम्ही घराण्यावरनंच अंदाज करतो. आणि तुम्ही सांगताय, सख्खा काका तसाच राहिला आणि तसाच गेला.” त्यांनी मान हलवली. “मी एक थेंबही देणार नाही. उरलेले दिवस त्यांनी तुम्हाला न ओळखता काढले तर?”

मी उठले. जिना उतरताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. केदारकाका जर वेड्यांच्या इस्पितळात तसाच राहिला आणि तसाच गेला, तर तिसऱ्या दिवशी उतरतं हे आत्यानं कुणाचं बघितलं?

घरी आले. आतनं मालकांचं कण्हणं ऐकू येत होतं. आत्या परसात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसले आणि मॅडम काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. मग विचारलं, “आत्या, केदारकाकांचं उतरलं होतं का?”

ती तांदूळ निवडत राहिली.

“तू अर्धंच सांगितलंस म्हणून त्यांचं औषध बंद झालंय. तुझ्या पाया पडते. उतरलं होतं का नाही, एवढंच सांग.”

तेवढ्यात आत मालकांनी कूस बदलली असणार. त्यांचा तो आवाज आला. आत्यानं सूप बाजूला ठेवलं. “मला त्या बाईंकडं घेऊन चल,” ती म्हणाली. “एकदाच सांगेन. तुला एकदा आणि त्यांना एकदा, असं नाही जमायचं माझ्याच्यानं.”

भावजी ओसरीवर होते. त्यांनी वाट अडवली. “आत्या, रविवार दोन दिवसांवर आलाय. घराण्यात वेड आहे हे दवाखान्यात लिहून द्यायला चाललीस? पोरीचं वाटोळं होईल.”

आत्यानं त्यांच्याकडं असं बघितलं, की मी अजून ती नजर विसरले नाही. “असंच म्हणाले होते आबा,” ती म्हणाली. “अगदी असंच.” आणि चपला पायात घालून चालायला लागली.

दवाखान्यात मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. आत्या पाणी प्यायली नाही. म्हणाली, “विचारा.”

“तुमच्या भावाचा अंमल उतरला होता का, आजी?”

“उतरला होता.”

“तुम्ही स्वतः पाहिलं?”

“हो. आबा आणि मी त्याला घेऊन गेलो होतो. मी असल्याशिवाय तो पाणीसुद्धा घेत नव्हता, म्हणून मला नेली. त्याला ठेवून आम्ही तिथल्या धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी भेटू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी आत सोडलं. मला वाटलं, अंगावर धावून येतोय का काय. तर तो चार माणसांत बसून शेंगा सोलत होता. मला बघून उठला. म्हणाला, अनू, तुला पण आणलं एवढ्या लांब? गाय व्यायली का आपली?”

“बोलणं नीट होतं?”

“तुमच्या-माझ्यासारखं. आबांच्या पाया पडला. म्हणाला, चुकलो, परत हात लावणार नाही. काय काय दिसलं ते सांगून हसलासुद्धा.”

मॅडम पुढं झुकल्या. “पुढं कधी परत तसं झालं? नीट आठवून सांगा, यावर सगळं आहे.”

“कधीच नाही. तिकडचा एक भांडीवाला आमच्या बाजाराला यायचा. आबांना सांगायचा, तुमचा माणूस तिथल्या बागेला पाणी घालतो, बाकीच्यांना जेवायला वाढतो, वेडाचं काही लक्षण नाही. आबा त्याला चहा पाजायचे आणि गप्प बसायचे. किती तरी वर्षं यायचा तो.”

मग मॅडमनी अगदी हळू विचारलं, “बरे होते, तर घरी का नाही आणलं?”

“माझं लग्न ठरलं होतं,” आत्या म्हणाली. “वैशाखात होतं. केदारला बांधून स्टेशनावर नेलेला गावानं बघितला होता. तोच लगेच परत आला, तर पाहुणे म्हणणार, वेडा घरात ठेवलाय. आबा त्याच्यासमोर उभे होते आणि त्यांना हे सांगता येत नव्हतं. तर केदारच म्हणाला. म्हणाला, आबा, अनूचं लग्न होऊ द्या. मला इथं काही त्रास नाही. शेंगा खायला मिळतात. लग्न झालं की न्यायला या.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग कोरा कागद घेतला आणि नवं औषध लिहिलं. पहिल्याच्या चौथा हिस्सा, तोही एक दिवसाआड, आणि वाढवायचं ते त्यांना विचारूनच. कागद माझ्या हातात देताना म्हणाल्या, “आजी आल्या नसत्या, तर मी हे कधीच लिहिलं नसतं.”

त्या एवढ्याशा थेंबांनी दुखणं पार गेलं असं नाही. पण अर्ध्यावर आलं. मालक झोपायला लागले, जेवायला लागले आणि मुख्य म्हणजे शुद्धीत राहिले. पुढं ते गेले ते त्या आजारानंच, पण जाईपर्यंत मला नावानं हाक मारत होते. माझी थट्टा करत होते. यापेक्षा जास्त मी देवाकडं मागितलंच नव्हतं. रविवारी सांगलीची माणसं आली आणि पसंती देऊन गेली. त्यांनी चौकशी केली ती जमिनीची आणि देवळाच्या उत्पन्नाची. आमच्या घरात कुणाला काय झालं होतं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

ती माणसं गेल्यावर मी आत आले. मालक गाढ झोपले होते. भावजी पेढ्यांचा बॉक्स घेऊन गल्लीत गेले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. आत्या पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होती. दवाखान्यात विचारायचं राहिलेलं माझ्या मनात होतं. आता औषध मिळालं होतं, विचारायची काही गरज नव्हती. तरी राहवलं नाही.

“आत्या,” मी म्हटलं, “केदारकाकांना न्यायला मग कोण गेलं?”

तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं, तिनं ऐकलं नाही. मी परत विचारणार, एवढ्यात ती म्हणाली,

“माझं लग्न थाटात झालं, शालन.”